१९७३ची ओरिजिनल फेंडर स्ट्रॅट गिटार घ्यावी की तिचीच नवी रीइश्यू (जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती)? जाणकारांनी मदत करा

मंडळी, गेले काही आठवडे डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून इथे विचारतोय. न्यू जर्सीत राहतो, मंडळाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो (गणपती, दिवाळी, मधेच कोणाची तरी पन्नाशी), उरलेल्या वेळात घरी ब्लूज. बजेट तीन हजार डॉलर, फार ताणलं तर सव्वातीन, त्याच्या वर गेलो तर घरात माझंच रीफिनिश होईल.

ऑप्शन दोन आहेत. एक, फेंडरची अमेरिकन व्हिंटेज टू सिरीज, २०२२ला आली त्यातली १९७३ स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅटची रीइश्यू. दुसरी, पेनसिल्व्हेनियातल्या एका काकांकडची खरीखुरी ७३ची, रोझवूड फिंगरबोर्ड, पण बॉडी कधीतरी परत रंगवलेली, फ्रेट्स बदललेल्या आणि मधला पिकअप (तारांचा आवाज पकडणारं कॉइल) रीवाइंड, म्हणजे तार नव्याने गुंडाळलेला. काका ३२०० म्हणतायत. सगळं मूळचं असतं तर माझ्या हाताला लागलीच नसती हे मला कळतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

आता गंमत बघा, सीबीएस या अमेरिकन टीव्ही-रेडिओ कंपनीने जानेवारी १९६५मध्ये फेंडर विकत घेतली आणि तिथून पुढच्या गिटारी म्हणजे घसरण असं आपण सगळे ऐकत आलोय. जाड पॉलिस्टर फिनिश, जड ॲश, ७१च्या सुमारास मानेचे चार स्क्रू जाऊन तीन आले. आणि आता फेंडर तेच तीन स्क्रू, तेच मोठं डोकं, तीच बुलेट ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळी, गोळीच्या आकाराच्या टोकाची) मुद्दाम परत बनवून दोन-अडीच हजारांना विकतंय, आणि माझ्यासारखे लोक रांगेत उभे! प्री-सीबीएसचा विषयच सोडा, ६२ची ओरिजिनल आपल्या सात पिढ्यांना परवडायची नाही.

काकांच्या घरी जाऊन वाजवून आलो. मान अप्रतिम, कडा बोटांनी झिजून गोल झाल्यात, पहिल्या पोझिशनला हात असा बसतो की काढावासा वाटत नाही. पण मान धरून बाजूला जरा दाबली तर सरकते, वरची ई तार पार कडेला येते आणि थोडं जोरात व्हिब्रेटो दिलं की फ्रेटवरून घसरते. पॉकेटमध्ये (बॉडीतल्या मानेच्या खाचेत) एका बाजूला व्हिजिटिंग कार्ड आरामात जाईल एवढी फट आहे. काका म्हणाले स्क्रू सैल करून मान ओढून परत आवळली की झालं. खरंच एवढ्यावर भागतं का? की लाकूड भरून घ्यावं लागतं?

पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पाटी) उघडून दाखवला त्यांनी, एवढा भला माणूस. मोबाइलच्या टॉर्चमध्ये पॉट्सवरचे (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) आकडे वाचले, तिन्हींवर १३७ने सुरुवात म्हणजे सीटीएस या कंपनीचे, पुढे ७३ आणि मग आठवडा. दोन पॉट्सचं सोल्डरिंग जुनं, मळकट वाटलं, व्हॉल्यूमवरचं मात्र चकचकीत, म्हणजे तिथे कोणीतरी हात घातलाय. पिकअपचे पोल (तारांखालची छोटी चुंबकं) खालीवर आहेत, सपाट नाहीत, म्हणजे ७४च्या शेवटाआधीचे असावेत. नेक प्लेटच्या (मान जोडते तिथली मागची धातूची पट्टी) नंबरवर माझा भरवसा नाही, त्या प्लेटा तेव्हा क्रमाने लावतच नव्हते.

रीइश्यू दुकानात वाजवली. मान घट्ट, ट्युनिंग हलत नाही, आवाज? खरं सांगू का, डोळे मिटून ऐकलं तर नेक पिकअपवर (मानेजवळच्या) मला फरक सांगता येणार नाही. ब्रिजजवळच्या पिकअपवर काकांची जरा मऊ वाटली, पण ॲम्प वेगळे, खोली वेगळी, तारा जुन्या, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही. फरक आहे तो हाताला. नवीच्या मानेच्या कडा अजून नव्या आहेत आणि ७.२५ इंची रेडियसवर (फिंगरबोर्डची गोलाई) वरच्या फ्रेटला पूर्ण स्वराचा बेंड केला, म्हणजे तार ताणली, की नोट गुदमरते. काकांच्यात रीफ्रेट करताना बोर्ड थोडा सपाट केलाय, तिथे तेच बेंड सुरेख जातात. म्हणजे कलेक्टरच्या दृष्टीने जो दोष, तो वाजवणाऱ्याला फायदा!

पुढेमागे पुण्याला परत जायचा विचार आहे, म्हणून पावसाळ्याचंही बघतोय, दमटपणात मान हलते. १९६१च्या रीइश्यूकडे न जाण्याचं कारण तेच, तिची ट्रस रॉड टाचेकडून (मान बॉडीला जोडते त्या टोकाकडून) फिरते, म्हणजे जुलैत दरवेळी मान उतरवा. ७३ला डोक्याकडूनच ॲलन की लागते. (अवांतर: गिटार देशाबाहेर नेताना लाकडाचे नियमही बघावे लागतात. ब्राझिलियन रोझवूडला १९९२पासून कडक निर्बंध आहेत, पण ७३ला ते लाकूड नव्हतंच. तोवर फेंडर वापरू लागलं होतं ते इंडियन रोझवूड म्हणजे आपलं शिसव. त्याच्या तयार वाद्यांना २०१९पासून सूट आहे, त्यामुळे तिथे अडचण येऊ नये.)

तर विचारायचं हे, की रीफिनिश, रीफ्रेट आणि एक रीवाइंड धरून ३२०० जास्त होतायत का, आणि किती खाली मागितले तर काका दुखावणार नाहीत? पुण्या-मुंबईत अशी गिटार मन लावून सेटअप करणारं कोणी आहे का? आणि सत्तरच्या दशकातली गिटार तिकडे नेलेल्या कोणी असेल तर पहिल्या पावसात पॉली फिनिशचं आणि मानेचं काय झालं तेही सांगा. "दोन्ही घे" म्हणणाऱ्यांनी कृपया माझ्या बायकोशी बोलून घ्यावं. काका रविवारपर्यंत थांबतो म्हणालेत, त्यामुळे शनिवारच्या आत उत्तरं आली तर बरं होईल.