सल्ला हवा: वाईन शॉपमध्ये पर्यावरणाला बरं पॅकिंग कोणतं ठेवावं? गिऱ्हाईक घेईल का?

मनीषनगरकर:
नमस्कार मंडळी. आमचं नागपुरात मनीषनगरला वाईन शॉप आहे. हल्ली बरेच जण 'पुठ्ठ्याची डबी नको, पिशवी नको' म्हणतात, पण बाटली हाताला जड लागली की तीच चांगली समजून घेतात. कॅन, टेट्रा, बिनडबीच्या बाटल्या, यांतलं काय वाढवू? कचरा खरंच कमी झाला पाहिजे.

इतवारी_खालीबाटली:
भाऊ, आमचा घरचा भंगाराचा धंदा आहे. ६५० मिलीची बियरची बाटली भंगारवाल्याकडून आमच्याकडे येते, तिथून कंपनीत जाते, धुऊन पुन्हा भरली जाते. नवी काच ओतायला भट्टी १५०० अंशांच्या आसपास तापवावी लागते, ते सारं वाचते. पण अशा बाटलीच्या अंगावर घासल्याचे पांढरे पट्टे येतात अन् गिऱ्हाईक म्हणते, 'जुना माल आहे, दुसरी द्या.' आतली बियर ताजीच असते जी! तारीख दाखवा त्याला. पट्टे म्हणजे बाटली फिरून आल्याची खूण आहे. व्हिस्कीच्या नक्षीदार बाटलीचं तसं नाही. ती एकाच ब्रँडच्या कामाची, बहुतेक वेळा फोडून काचेच्या भावानं जाते.

धरमपेठची_मीनल:
डबीचं कारण मला वेगळं दिसतं. भेट द्यायची तर बिनडबीची बाटली लोकांना उघडी वाटते, आणि डुप्लिकेटची भीती असतेच. पेर्नो रिकार्ड इंडिया या दारू कंपनीनं २०२२ मध्ये नेहमीच्या डब्या बंद करायचं जाहीर केलं होतं. काउंटरवर सील आणि बॅच नंबर दाखवलात तर निम्मी शंका तिथंच मिटेल. भेटीसाठी कापडी पिशवी ठेवा.

पॅकेजिंगवाला:
'कागदी' शब्दावर जाऊ नका. टेट्रात कागदाला प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, ते वेगळे करायला खास यंत्रणा लागते. परदेशातल्या कागदी वाईनच्या बाटलीतही आत प्लास्टिकची थैली असते. वजनानं हलकी म्हणून वाहतुकीला बरी, एवढं खरं. कॅन चांगला, कारण जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवायला नव्याच्या मानानं सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते, आणि भंगारात त्याला भाव असल्यानं तो रस्त्यावर पडून राहत नाही. आपल्या उन्हाळ्यात लवकर गारही होतो. माझी पसंती: आधी परत फिरणारी बाटली, मग कॅन.

मनीषनगरकर:
तामिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारू दुकानं बाटलीमागं १० रुपये जास्त घेतात, रिकामी आणली की परत देतात. तसं इथं करू का?

धरमपेठची_मीनल:
स्वतःच्या मनानं नको. तिथं हायकोर्टाच्या आदेशानं झालं. एमआरपीवर रुपयाही जास्त घेतला तर तुम्हीच अडकाल. नुसतं 'रिकाम्या बाटल्या इथं ठेवा' म्हणून क्रेट लावा.

इतवारी_खालीबाटली:
क्रेट लावा भाऊ, पण बाटल्या उभ्या ठेवा. तोंडाची कपची उडालेली वेगळी काढा, ती पुन्हा भरायला चालत नाही. बियरच्या अन् बाकीच्या वेगवेगळ्या ठेवल्या तर भाव बरा येते.