पल्सर १५०: इंजिन ऑइल कुठलं घालावं आणि किती किलोमीटरला बदलावं?

वारजेकर
गाडी पल्सर १५०, बीएस-४, ४१,००० किमी. रोज वारजे ते हिंजवडी फेज ३, चांदणी चौकातून, जाऊन-येऊन साधारण ४५ किमी. महिन्यातून एखादी फेरी ताम्हिणीतून माणगावला. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० (चिकटपणाचा ग्रेड), एपीआय एसएल (दर्जाचा शिक्का), जासो एमए असं दिलंय.

गॅरेजवाले म्हणतात दर २००० ला ऑइल बदला. दुकानदार म्हणतो फुल सिंथेटिक घाला आणि १०,००० पर्यंत बघूच नका. आत्ता मिनरल (साधं, खनिज तेलापासूनचं) आहे, ते १५०० किमीलाच काळंकुट्ट झालं. २००० च्या पुढे सिग्नलला न्यूट्रल पटकन सापडत नाही. घरी कारचं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक दीड लिटर शिल्लक आहे, चांगल्या कंपनीचं. ते चालेल का?

पानापक्कड
कारचं ऑइल अजिबात घालू नका, कितीही महाग असलं तरी. कारमध्ये इंजिनचं ऑइल फक्त इंजिनलाच लागतं. बाइकमध्ये तेच ऑइल इंजिन, गियरबॉक्स आणि क्लच अशा तिघांना पुरवायचं असतं. क्लच प्लेट त्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. कारच्या ३० ग्रेडच्या ऑइलमध्ये मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात आणि क्लच तर घर्षणावरच पकडतो. जासो एमए किंवा एमए२ हा शिक्का त्यासाठीच आहे. जपानी उत्पादकांनी हे मानक १९९८ मध्ये आणलं, २००६ मध्ये एमए१ आणि एमए२ असे भाग पाडले. एमए२ ची पकड जास्त. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते शोधा. नसेल तर डबा परत ठेवा.

काळ्या रंगाला घाबरू नका. ऑइलमधली डिटर्जंट काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवतात, म्हणून ते काळं होतं. १५०० किमीला काळं झालं म्हणजे ते काम करतंय. दुधाळ किंवा फिकट चहासारखं दिसलं तर मात्र पाणी गेलंय.

आता किलोमीटर. तुमच्या रस्त्यावर नुसता आकडा फसवतो. सरासरी वेग ताशी २० धरला तर ३००० किमी म्हणजे इंजिनचे १५० तास. तेच ३००० किमी हायवेला ५० च्या सरासरीने केले तर ६० तास. शिवाय ही एअर-कूल्ड गाडी आहे, वारा लागला तरच थंड होते. भूमकर चौकात पहिल्या गियरवर सरकताना तिला वारा मिळत नाही.

माझ्या मते तुमच्या वापराला मिनरल २५०० ते ३०००, सेमी सिंथेटिक (दोन्हींचं मिश्रण) ४०००, फुल सिंथेटिक ५०००. आणि गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा नक्की. १०,००० चा विचार या गाडीवर आणि या रस्त्यावर करू नका. उलट २००० ला मिनरल फेकून देणं हाही पैशाचा अपव्ययच. मी तुमच्या जागी असतो तर सेमी सिंथेटिक, एमए२, ४००० ला.

गाडी वॉरंटीत असणाऱ्यांनी मात्र मॅन्युअलचंच वेळापत्रक पाळावं आणि बिलं जपून ठेवावीत.

घाटरस्ता
पानापक्कड यांच्याशी सहमत, फक्त न्यूट्रलबद्दल थोडं वेगळं. तो दोष लगेच ऑइलवर टाकू नका. आधी क्लच केबल बघा. लिव्हरच्या टोकाला सुमारे १० ते १५ मिमी मोकळी चाल हवी. जास्त ढिली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. केबल नीट करूनही २००० नंतर गियर कडक पडायला लागले, तर मग ऑइल. गियरचे दात ऑइलमधली घट्टपणा टिकवणारी पॉलिमरं अक्षरशः चिरडून तोडतात. १०० अंश सेल्सियसला ५० ग्रेडच्या ऑइलची घनता... म्हणजे बरोबर शब्दात चिकटपणा, १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स (चिकटपणा मोजायचं एकक) हवा. १६.३ च्या खाली घसरलं की डब्यावर ५० लिहिलेलं असलं तरी आत ते ४० झालेलं असतं.

ग्रेड मात्र बदलू नका. पुढचा २०डब्ल्यू हा आकडा थंडीतल्या स्टार्टसाठी, त्याची चाचणी उणे तापमानात होते. पुण्यात जानेवारीच्या पहाटे ८-१० अंश असतात, तेवढ्याने २०डब्ल्यू अडत नाही. १०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५० मिळालं तर सकाळी ऑइल वर लवकर चढतं, ते चालेल. मागचा ५० सोडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेव्हल. ४१,००० झालेली गाडी थोडं ऑइल खाणारच. जेमतेम लिटरभर ऑइल असतं. त्यातलं ३०० मिली कमी झालं तर उरलेल्या ७०० मिलीवर सगळा ताप येतो. मग वर कॅमपाशी (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) ऑइल कमी पडतं आणि टकटक सुरू होते. दर पंधरा दिवसांनी बघा. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तीन मिनिटं थांबा, मग उजव्या बाजूच्या काचेत पाहा. साइड स्टँडवर पाहिलेली लेव्हल काहीच सांगत नाही. कमी असेल तर त्याच ग्रेडचं ५०-५० मिली घाला. काचेची वरची खूण ओलांडू नका. जास्त झालेलं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरच्या डब्यात येतं, सील गळायला लागतात.

वारजेकर
केबल खरंच ढिली निघाली, जवळपास २५ मिमी. नीट केल्यावर निम्मा त्रास गेला. सेमी सिंथेटिक आणलंय, एमए२. या रविवारी पार्किंगमध्ये स्वतःच बदलायचा विचार आहे. कशात चुकतं ते सांगा.

पानापक्कड
बहुतेक वेळा ड्रेन नटमध्येच चुकतं. चेंबर ॲल्युमिनियमचं आहे आणि नट पोलादी. लांब पाना लावून शेवटी एक झटका दिला की आटे जातात. मग मोठा नट किंवा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी), म्हणजे लेथवाल्याकडे फेरी. रिंग पाना किंवा सॉकेट वापरा, ओपन पान्याने नटाच्या कडा गोल होतात.

गाडी चार-पाच किमी फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होतं. चटका बसेल इतकं गरम नको, दहा मिनिटं थांबा. डबल स्टँडवर लावा, खाली परात किंवा कापलेला कॅन, मग आधी वरचं टोपण सैल करा, नाहीतर ऑइल गुळगुळ करत सावकाश येतं. नट काढल्यावर पंधरा मिनिटं निथळू द्या. गॅरेजमध्ये टोपणातून हवेचा प्रेशर मारतात किंवा डिझेलने धुतात, दोन्ही करू नका. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, आणि डिझेल जाळीत आणि कोपऱ्यात अडकून नव्या ऑइलला पातळ करतं.

नटाचं टोक फडक्यावर पुसून उजेडात पाहा. बोटाला लागणारा राखाडी चिखल चालतो. चकचकीत चकत्या किंवा नखाने उचलता येईल असा तुकडा दिसला तर ऑइल भरू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

वायसर नवा घ्या. जुना दबून चपटा झालेला असतो. त्यातून गळतं म्हणून लोक नट आणखी आवळतात आणि तिथेच आटे जातात. नट पहिले चार फेरे हातानेच फिरला पाहिजे. अडला तर काढून परत लावा. ऑइल फिल्टर बदलताना रबरी तोंड आणि स्प्रिंग कुठल्या बाजूला होतं त्याचा काढण्याआधी फोटो घ्या. उलटा बसला तर ऑइलची वाट अडते. झाकणाची ओ-रिंगही (रबरी कडी) नवी, तिला ऑइलचं बोट लावून बसवा.

भरताना लिटरचा डबा थेट उपडा करू नका. ९०० मिली ओता, टोपण लावा, इंजिन दोन मिनिटं आयडलवर. बंद करून तीन मिनिटांनी काच बघा आणि उरलेलं थोडं थोडं. फिल्टर बदलला असेल तर जरा जास्त लागतं. ५० किमीनंतर नटाखाली बोट फिरवून बघा.

पुढच्या वेळी डबा नाना पेठेतून घ्या किंवा जवळच्या पंपावरून, टोपणाची कडी अखंड आहे का आणि आतली फॉइल चिकटलेली आहे का ते दुकानातच पाहा. रिकामा डबा कापूनच टाका, म्हणजे तो पुन्हा भरला जात नाही.

कोथरूडची_स्कूटर
घरात ॲक्टिव्हा असेल तर हा सगळा सल्ला तिला लावू नका. तिला १०डब्ल्यू-३०, जासो एमबी. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, ऑइलमध्ये नसतो, म्हणून कमी घर्षणाचं एमबी चालतं. तेच एमबी चुकून पल्सरमध्ये गेलं तर चौथ्या गियरला रेस वाढते आणि वेग वाढत नाही. तसं झालं तर लगेच काढून एमए२ भरा आणि ३००-४०० किमीला पुन्हा एकदा बदला; प्लेट जळल्या नसतील तर पकड बहुधा परत येते.

ॲक्टिव्हात मागच्या चाकापाशी गियरचं वेगळं ऑइल असतं, शंभर-सव्वाशे मिली. ते बऱ्याच गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. आठवणीने सांगून बदलून घ्या.

पावसाळ्याचंही एक. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. इंजिनच्या वर पाणी गेलं असेल तर बटण दाबून बघू नका, किकही नाही. आधी ऑइल काढा, प्लग काढा, एअर फिल्टर बघा. स्वस्त मिनरल भरून मेकॅनिकच्या देखरेखीखाली थोडा वेळ आयडलवर चालवा, तेही काढा. दुधाळ आलं तर पुन्हा एकदा. मगच चांगलं ऑइल भरा.

वारजेकर
जुनं काळं ऑइल चेनला लावलं तर? आमच्याकडे सगळे लावतात.

पानापक्कड
नको. त्यात काजळी आणि धातूची बारीक पूड असते, ती रोलरला पॉलिश पेपरसारखी घासते. चेन केरोसिनने धुऊन पुसा आणि एसएई ९० गियर ऑइल लावा. काळं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. त्यांच्याकडे पिंप असतं, जुनं ऑइल नेणारे तिथूनच घेऊन जातात. तो डबाही तिथेच कापायला सांगा. गटारात किंवा कुंडीत एक थेंबही नको, आपल्याकडचं गटार शेवटी मुठेलाच मिळतं.