काकांच्या शिकारी रायफलचा ग्रुप कधी रुपयाएवढा, कधी बशीएवढा: दोष लाकडाचाच आहे

मांडवीकर
स्पष्टच लिहितो. जुन्या शिकारी रायफलला नवीन स्टॉक (नळी बसते तो लाकडी दस्ता), मोठा स्कोप (नेम धरायची दुर्बीण), हलका ट्रिगर असं सगळं एकदम चढवलं की ती बिघडते आणि मग बिघाड नेमका कुठे ते कुणालाच सांगता येत नाही, असं माझं ठाम मत झालंय. माझी पॉइंट टू टू (.२२) बोल्ट ॲक्शन, म्हणजे हाताने बोल्टचा दांडा मागेपुढे करून गोळी भरायची, झेक बनावटीची, मूळ काकांची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, रायफल कपाटात गेली. पुढे काकांनी हौसेने अक्रोडाचा नवीन स्टॉक करून घेतला, स्कोप बसवला, ट्रिगर हलका करून घेतला, आणि ते गेल्यावर लायसन्स माझ्या नावावर झालं. आता वरळीच्या शूटिंग रेंजवर ५० मीटरवरच्या कागदावर मारतो. एखाद्या दिवशी पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील, दुसऱ्या दिवशी तोच मी, तीच बंदूक आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, चहाच्या बशीएवढा. बॅगवर ठेवून मारलं की एक जागा, स्लिंग (हाताला आवळायचा पट्टा) लावून प्रोन, म्हणजे पालथा, झालो की सगळं डावीकडे वर. पावसाळ्यात तर विचारूच नका. लाकूड फुगतं हो मुंबईत, दुसरं काय. जुना स्टॉक माळ्यावर आहे तो परत बसवतोय. वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

काडतूसवाला
माझं मत वेगळं आहे. लाकडाला बोल लावण्याआधी गोळ्यांचं सांगा. ब्रँड कुठला, लॉट (एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या) कुठला, दर वेळी तोच असतो का? दुकानात मिळेल ते उचलायचं आणि मग बंदुकीला दोष द्यायचा हे मी रेंजवर रोज बघतो. साधा हिशोब देतो. स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटरने निघते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर सात-आठ मिलिमीटर वरखाली होतं, आणि ५० मीटरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं आहे! म्हणजे तुम्ही काही न चुकता दहाचे नऊ होऊ शकतात. म्हणूनच मॅचवाले लोक एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट स्वतःच्या नळीतून मारून बघतात आणि जो जमेल त्याचाच साठा करतात. शिवाय ब्रँड बदलला की नळीतलं मेण आणि शिसं बदलतं, सुरुवातीच्या काही गोळ्या भटकतातच. तुमचा खराब दिवस नवीन डब्याचा दिवस होता का ते आठवा.

मांडवीकर
डबे बदलतात, मान्य. पण गोळीमुळे ग्रुप उभा पसरेल ना? माझा पूर्ण ग्रुपच उचलून डावीकडे जातो, आणि तो प्रोनमध्येच. गोळीला काय माहीत मी बॅगवर आहे की स्लिंगवर?

शिवडीचा_सुतार
मांडवीकर बरोबर बोलतायत, लाकडातला माणूस म्हणून सांगतो. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, आडवं वाढतं. जूनमध्ये घराचे दरवाजे अडकतात ते त्यामुळेच. स्टॉकची खाच नळीला घट्ट कोरली असेल तर पावसात कडा नळीला टेकतात. स्लिंग ओढली की पुढचा भाग थोडा वाकतो आणि नळीवर दाब येतो, दाब आला की गोळी दुसरीकडे. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, दहाची नोट नळी आणि लाकडाच्या मधून घालून मागे सरकवत न्या. कुठे अडकली ते लिहा. ॲक्शन, म्हणजे बोल्ट सरकतो तो धातूचा भाग, स्टॉकला धरणारे स्क्रूही बघा, लाकूड फुगलं की ते आवळले जातात आणि ऑक्टोबर हीटमध्ये सुकलं की ढिले पडतात, तुम्ही हात न लावता. टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरालाच आवळणारा पाना) प्रत्येक वेळी एकाच मापाला आवळा, अंदाजाने नको.

दोन_नंबर_चष्मा
सगळे बंदुकीत शिरलेत, डोळ्याचं कुणी बोलतच नाही. स्कोप कुठला आहे? मोठ्या शिकारी रायफलचा असेल तर त्याचं पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकलेला दिसणं) होऊ नये म्हणून तो बहुतेक १०० यार्डाला सेट असतो आणि तुम्ही मारताय ५० मीटरवर. ४० मिलिमीटरच्या काचेला डोळा पार कडेला गेला तर आठ-नऊ मिलिमीटरची चूक नेम न हलता होते. आणि बॅगवर गाल एका जागी टेकतो, प्रोनमध्ये दुसऱ्या जागी, त्यात नवीन स्टॉकवर स्कोप उंच बसला असेल तर गाल टेकतच नाही, मान ताणून बघावं लागतं. हे सगळं लाकूड न फुगताही होतं. रिकामी रायफल बॅगांवर पक्की ठेवा, हात लावू नका, फक्त डोकं डावी-उजवी, वर-खाली करा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवर सरकताना दिसलं तर आधी ते सोडवा. आणि हो, एसीच्या खोलीतून थेट रेंजवर नेली की काचेवर धुकं येतं, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं थांबा की!

हिशोबी
पाच गोळ्यांवरून भांडताय सगळे. पाचाचा एखादा ग्रुप योगायोगानेही रुपयात बसतो. दहा-दहा गोळ्यांचे कागद ठेवा, प्रत्येकावर तारीख, लॉट, पोझिशन, वारा लिहा. मगच बोला.

काडतूसवाला
वाऱ्याचं बरं काढलंत. दुपारी समुद्रावरून आडवा वारा सुटतो, ताशी १५ किलोमीटरला स्टँडर्ड गोळी ५० मीटरवर तीनेक सेंटीमीटर सरकते. लोकांना वाटतं हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची गोळी, घेतली की कमी सरकेल, उलट जास्त सरकते, कारण ती सुरुवातीलाच जास्त वेग गमावते. सकाळी बॅगवर आणि दुपारी प्रोन असा क्रम असेल तर तुमचं डावीकडे तिथेच सुटलं.

मांडवीकर
सकाळीच मारतो, दोन्ही. नोट घालून बघितली. पुढून छान सरकली आणि स्टॉकच्या टोकापासून चार बोटांवर उजव्या कडेला घट्ट अडकली, तिथलं पॉलिशही घासून चकचकीत झालंय. डोकं हलवून पण बघितलं, क्रॉसहेअर सरकतं, तेही मान्य. पण लाकूड नळीला लागतंय हे आता डोळ्यांनी दिसतंय. जुना स्टॉक बसवणारच.

शिवडीचा_सुतार
अहो थांबा, जुना कशाला बसवताय! इतकं चांगलं अक्रोड आहे. त्या कडेवर सँडपेपरने हलकं घासून नोट सरकेल एवढी फट करायची आणि आत उघडं पडलेलं लाकूड तेलाने सील करायचं, बस. आतून सील न करणं हीच बहुतेक कारागिरांची खोड. ॲक्शनखाली पिलर (स्क्रूभोवती धातूच्या नळ्या) घालून घेतलेत तर पावसाळ्याचं टेन्शनच नाही. काकांनी करून घेतलेलं काम आहे, काढून टाकू नका.

कुलाबा_जुना
एक आधी करा. ट्रिगर हलका केलाय म्हणता. रेंजवर, रिकाम्या रायफलवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट जोरात बंद करा आणि स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी पिन) आपोआप सुटतो का बघा. सुटला तर ग्रुप वगैरे बाजूला ठेवा आणि लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच न्या. आणि कुणी नळीचं तोंड खराब आहे, थोडी कापून क्राउन (तोंडाची कड) नवीन करू म्हणालं तर स्वतः हात लावू नका, आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ६ मध्ये त्यासाठीच्या लायसन्सशिवाय नळी छोटी करण्यावर बंदी आहे. क्राउनला इजा बहुतेक पुढून साफसफाईचा रॉड घातल्याने होते, मागून घाला, रॉड सरळ ठेवणारा गाइड लावून.

काडतूसवाला
फट करा, हरकत नाही, पण स्टॉक घासायचा, स्कोप बदलायचा आणि नवीन डबा उघडायचा हे एकाच रविवारी केलंत तर सुधारणा कशाने झाली ते तुम्हाला कधीच कळणार नाही. माझं म्हणणं अजून तेच, उभा पसरलेला एक तरी कागद निघणारच आणि तो लाकडाचा नसणार. एकाच लॉटचे दोन डबे बाजूला काढा. आधी फक्त फट, मग बॅगवर दहा आणि प्रोन दहा. दोन्ही कागदांचे फोटो इथे टाका.

मांडवीकर
ठीक, जुना स्टॉक माळ्यावरच राहू दे सध्या. फट करतो, स्कोपला हात लावत नाही. डबे एकाच लॉटचे मिळाले तर शनिवारी फोटो टाकतो, नाही मिळाले तर पुढच्या शनिवारी.