सॉव्हरिन हिल, बॅलरॅट: एका दिवसात होईल का? (मदत हवी आहे)

कांदेपोहे:
आईबाबा आलेत. शनिवारी त्यांना सॉव्हरिन हिलला न्यायचंय (ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला सोन्याच्या खाणींच्या काळातलं गाव उभारलंय ते). एका दिवसात होतं का? तिकिटं आधी काढू का? आज रात्री ठरवायचंय, लवकर सांगा प्लीज.

रानमेवा:
निघणार कुठून? गाडी आहे का? आईबाबांना किती चालवतं? काहीच लिहिलं नाहीत.

बुवा:
तिकीट ऑनलाइन काढा आणि दार उघडतानाच आत शिरा. आधी ओढ्यावर जा, नंतर शाळकरी पोरं जागा देत नाहीत. पाटीत वाळू घोळवायची, सापडला तो सोन्याचा कण आपला. माझे सासरे तिथून हलेचनात! सोनं वितळवून समोर वीट पाडतात तेही बघाच.

तिरकस:
सॉव्हरिन हिल म्हणजे 1970 साली उघडलेला देखावा. खरं गाव हवं तर लिडियार्ड स्ट्रीटवर फिरा, सोन्याच्या पैशातून उठलेल्या इमारती फुकटात दिसतात. मग युरेका सेंटर, खाणवाल्यांच्या बंडाचं संग्रहालय. सोनं खणायच्या परवान्याच्या फीला आणि सततच्या तपासणीला वैतागून 1854 मध्ये खाणवाल्यांनी परवाने जाळले, 3 डिसेंबरला पहाटे सैन्य त्यांच्यावर चालून आलं. त्यांचा पुढारी पीटर लेलर एक हात गमावून वाचला आणि पुढे व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेचा अध्यक्ष झाला. हे सोडून लोक गोळ्या-बिस्किटं घेत बसतात.

बुवा:
देखावा असला तरी जुन्या खाणींच्या जागेवरच आहे. आणि रास्पबेरीच्या गोळ्या तुम्हीही खाल्ल्या असणार.

खोदकाम_प्रेमी:
व्हिक्टोरियात हौसेनं सोनं शोधायला 'मायनर्स राइट' परवाना लागतो. तो काढा, मेटल डिटेक्टर घ्या.

साठीपार:
बॅलरॅट कशाला? बेंडिगोला सेंट्रल डेबोरा ही खरी खाण आहे, लिफ्टनं खाली नेतात. आम्हाला तेच आवडलं.

कांदेपोहे:
बेंडिगोचं कुणी विचारलंय? डिटेक्टरही नकोय. गाडी नाही, मेल्टनला राहतो. आईचा गुडघा दुखतो, बाबा ठणठणीत.

रानमेवा:
अहो, मेल्टन बॅलरॅटच्याच रेल्वे लाइनवर आहे की! सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक बघा. शनिवार-रविवारी रूळदुरुस्ती असली तर बस देतात, तेही तपासा. स्टेशनवरून पुढे लोकल बस किंवा टॅक्सी. आत चढउतार आणि खडीचे रस्ते आहेत, तेव्हा आईंना मुख्य रस्त्यावर दुकानं दाखवा. आतल्या रेड हिल खाणीत पायऱ्या आहेत, तिथे बाबांनाच पाठवा. 1858 मध्ये बॅलरॅटला सापडलेल्या 69 किलोच्या सोन्याच्या गोळ्याची गोष्ट तिथे सांगतात.

तिरकस:
म्हणजे गुडघा दुखणाऱ्या माणसाला टेकडीवर चढवणार. लिडियार्ड स्ट्रीट स्टेशनला लागूनच आहे, एवढंच म्हणतो.

बुवा:
आईंना विचारा ना त्यांना काय बघायचंय.

कांदेपोहे:
आई म्हणते दोन्ही. तिकडे थंडी किती असते?

साठीपार:
मेलबर्नपेक्षा नक्कीच जास्त. स्वेटर, कानटोपी, सगळं. अवांतर: परत जाताना भारतात सोनं किती नेता येतं, कुणाला माहीत आहे का?