'नेमून दिलं तेवढंच करा' हा सल्ला मला मान्य नाही

शाईची दौत
'साहेबाला पुढाकार खपत नसेल तर नेमून दिलं तेवढं करा आणि सव्वासहाला बॅग उचला,' असं काल इथे एकाने लिहिलं आणि खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणत गेले. माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी महसूलमध्ये आहे. जूनमध्ये उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल यांना काय गर्दी उसळते ते तालुक्याला राहणाऱ्यांना सांगायला नको. आईबाप मजुरी बुडवून येतात आणि एक कागद कमी म्हणून परत जातात. मी कोणत्या दाखल्याला कोणते कागद, किती दिवस, किती शुल्क अशी यादी करून खिडकीबाहेर चिकटवली. साहेबांनी दुपारीच ती काढायला लावली. 'तुला कोणी सांगितलं होतं?' तेही सगळ्या कार्यालयासमोर.

त्या सल्ल्याप्रमाणे मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. मी टिपणी सादर केली. 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन नस्ती (फाइल) परत आली. चर्चेला गेले तर साहेबांना वेळ नाही. मग दुसरी टिपणी लिहिली. त्यात 'मला सुचलं' असा शब्दही नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार सेवा, मुदत, शुल्क, अपील अधिकारी यांचा तपशील सूचना फलकावर लावणं बंधनकारक आहे, सबब मसुदा मान्यतेस्तव सादर. सही झाली. फलकावर नाव साहेबांचं आहे, असू दे. खिडकीवरून हात हलवत परत जाणारी माणसं कमी झाली.

उद्या वरून विचारणा झाली तर काय दाखवायचं, ही अशा साहेबाची भीती असते. त्याच्या हातात नियमाचा कागद द्या. पण काम सोडू नका.

चाकणचा फिटर
ताई, काम चांगलंच केलंत. पण आधी चिकटवली आणि मग टिपणी लिहिली, हा क्रम उलटा झाला. साहेब चिडले ते मला पटतं. आमच्याकडे पॉवर प्रेसवर एका हुशार पोराने सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) वाचावा म्हणून लाइट कर्टन, म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा सेन्सर, बायपास केला. कुणाला विचारलं नाही. पीस वाढले, सगळे खूश. मग एका रात्रपाळीत ऑपरेटरची दोन बोटं गेली. कारखाने अधिनियमाखाली चौकशी लागली ती मॅनेजरच्या मागे, पोराच्या नाही. 'सर, मी करून टाकलंय' असं कुणी म्हणालं की मी आधी मशीन बंद करायला लावतो.

शाईची दौत
यादी चिकटवल्याने कुणाची बोटं तुटत नाहीत.

चाकणचा फिटर
शुल्क बदललं आणि भिंतीवर जुना आकडा राहिला, तर लोक भांडायला कुणाच्या टेबलाशी येणार? तुमच्या नाही.

शाईची दौत
हे मान्य करावं लागेल. फलकाखाली आता तारीख असते. पण 'तारीख टाक' एवढं सांगून भागलं असतं, चारचौघांत अपमान कशाला?

निवृत्त अव्वल कारकून
तुम्ही फलकावर भांडत बसा. खरा हिशोब चुकता होतो गोपनीय अहवालात, साहेब दरवर्षी आपल्या कामावर लिहितात त्यात. मी अभिलेख कक्षातली रुमालं (कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे) स्वतःहून गावनिहाय लावली. साहेब तोंडावर एक शब्द बोलले नाहीत. पदोन्नतीच्या वेळी कळलं, त्या वर्षाची प्रतवारी 'ब वजा'. माझ्यामागून लागलेला माझ्या वर गेला. त्याने कधी रुमाल सोडूनही पाहिलं नव्हतं.

तिसरी पाळी
तेव्हा ती प्रतवारी तुम्हाला कळवली नव्हती? देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितलंय की प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, नुसती प्रतिकूल नव्हे. त्यांचा शेरा 'चांगला' होता, पदोन्नतीला 'खूप चांगला' लागत होता आणि त्यांना तो दाखवलाच नव्हता.

निवृत्त अव्वल कारकून
माझं त्याच्या खूप आधीचं. आणि आता कळवतात म्हणून काय झालं? शेऱ्याविरुद्धचा अर्ज, म्हणजे अभिवेदन, जातं त्याच साखळीत. 'पुढाकार घेतला म्हणून राग आला' असं कुणी लिहीत नाही. 'वरिष्ठांशी समन्वय सुधारावा' लिहितात. खोडून दाखवा.

तिसरी पाळी
अहवालातला स्वमूल्यमापनाचा रकाना भरा ना. निम्मे लोक तो कोराच सोडतात.

निवृत्त अव्वल कारकून
भरलेला कुणी वाचत नाही म्हणून सोडतात! तुमची नोकरी किती झाली ते सांगा आधी.

तिसरी पाळी
काका, वयाचा धाक नको. माझ्या बहिणीची 'ब' ची 'ब अधिक' झाली ती अभिवेदनावरच. सोबत तिने स्वतःच्या टिपण्यांच्या प्रती तारखांसह जोडल्या होत्या. तुमच्यावर अन्याय झाला, पण तो सांगून नव्या पोरांना घाबरवू नका.

निवृत्त अव्वल कारकून
एखादीची झाली असेल. झाली तर चांगलंच आहे. पण माझी गेलेली वर्षं कुठलं अभिवेदन परत देणार?

ओसाकावासी
मूळ मुद्द्यावर येऊया का? इथे जपानमध्ये एका कंपनीतले संशोधक नाकामुरा यांचं उदाहरण आहे. निळ्या एलईडीचं काम थांबव असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगूनही त्यांनी ते चालू ठेवलं. 2014 चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. वरिष्ठ नाही म्हणाले की थांबायचं, हे प्रत्येक वेळी खरं नाही.

चाकणचा फिटर
पुढचंही सांगा. बक्षीस मिळालं 20,000 येन. नोकरी सोडून अमेरिकेला गेले, कोर्टात लढले, 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली. आणि सुरुवातीला जुन्या संस्थापकांनी पैसा दिला होता, म्हणून प्रयोग उभा राहिला. माझ्या पोरांना असा संस्थापक कुठून आणू?

नगरचा पाहुणा
आमच्या नगरला 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी लखिना यांनी बसण्याच्या रचनेपासून अभिलेखापर्यंत कार्यालयाची घडी बदलली. अजून 'लखिना पॅटर्न' म्हणतात.

निवृत्त अव्वल कारकून
ते जिल्हाधिकारी होते हो! त्यांना 'तुला कोणी सांगितलं' असं विचारणारा त्या इमारतीत होता कोण? कारकुनाने तेच केलं असतं तर खुलासा मागवला असता.

शाईची दौत
काका, म्हणूनच म्हणते, कारकुनाचं हत्यार टिपणीच. 2005 च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायद्याच्या कलम 10 प्रमाणे साधारणपणे कुठलीही नस्ती एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. 'चर्चा करावी' असा शेरा आला की मी दुसऱ्याच दिवशी 'चर्चेसाठी उपस्थित होते, वेळ मिळावी' लिहून, तारीख घालून पुन्हा सादर करते. दोनदा केलं, दोन्ही वेळा आठवड्यात निर्णय आला. एकदा नकार आला, पण तोही लेखी.

निवृत्त अव्वल कारकून
लेखी नकार म्हणजे मोठी गोष्ट, एवढं कबूल करतो. आम्ही 'साहेब विसरले असतील' म्हणत महिना काढायचो. तरी अशी टिपणी लिहिणारीचा मार्चनंतरचा अहवाल मला दाखवा, मग बोलू.

शाईची दौत
दाखवीन. आणि फिटरदादा, जातीच्या दाखल्याच्या कागदांचा फलक सोमवारी सादर करतेय. या वेळी आधी टिपणी, आणि मसुद्यात तारीख सर्वांत वर.