मदत हवी आहे: किल्लारी भूकंपाच्या वेळचा (१९९३) एक तांब्या परत करायचाय

नमस्कार मंडळी. लातूर, उमरगा, लोहारा भागातलं कोणी इथं असेल तर शेवटपर्यंत वाचा, ही विनंती. जरा लांबलंय.

मी कोल्हापूरची, शाहूपुरीत राहते. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होते. तिसऱ्या दिवशी आमच्या चर्चच्या तरुण संघातले चौदा जण ट्रक घेऊन तिकडं गेले, त्यात माझे पप्पा होते. अकरा दिवस राहून आले. घरी त्यांनी त्यातलं फारसं कधी काढलं नाही. मात्र तेव्हापासून आमच्या फडताळात वरच्या फळीवर एक पितळी तांब्या आहे. तो कधी पाण्याला घेतला नाही, घासायलाही खाली काढला नाही. लहानपणी एकदा मी त्यात चिंचोके भरले, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता.

पप्पा जाऊन दोन वर्षं झाली. परवा ट्रंक आवरताना त्यांची वही सापडली. शंभरपानी, कोपऱ्यावर रॉकेलचा डाग. सुरुवातीला सामानाची यादी आहे: टिकाव १०, घमेली २०, पहारी ४, दोर, गमबूट, फिनेल, ब्लिचिंग पावडर, निलगिरी तेल, मेणबत्त्या. खाली दोन रेघा मारून लिहिलंय, ‘कपडे नकोत. ट्रकभर पडलेत.’ याचा अर्थ मला २०१९ च्या पुरात कळला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती आणि आमच्या चर्चच्या हॉलमध्ये माणसांपेक्षा कपडे जास्त होते. जरीचे ब्लाउज, एकाच पायाचे बूट. पप्पा दारात उभे राहून एकेकाला म्हणायचे, फडकी आणि खराटे आणा हो.

तर वहीत चौथ्या दिवशी आहे: ‘घर उपसताना तांब्या निघाला. बाईंनी त्याच तांब्यानं सगळ्यांना पाणी दिलं.’ आणि परतीच्या पानावर एवढंच: ‘तांब्या आपल्या सामानात आला. मिरजेत कळलं.’ पुढं काही नाही. परत का नेऊन दिला नाही, ते आईलाही माहीत नाही.

तांब्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलंय. लग्नातली भेट आहे, ‘मामांकडून’ आहे, मे १९७५ आहे. पुढे ‘मु.’ आणि गावाचं नाव, पण नेमका तिथं चेंबलाय. शेवटचं अक्षर ‘ळी’ स्पष्ट दिसतं. बाईंचं नाव मुद्दाम देत नाही. कोणी ओळख सांगितली तर पडताळता आलं पाहिजे.

वहीत गावाचं नाव कुठंच नाही. मुक्कामाच्या ठिकाणी नुसतं ‘सा.’ आहे, आणि एकदा ‘धरणावर जाऊन आंघोळ केली’. कोणतं गाव असेल? आणि शोधायचं कसं?

तेरणाकाठ: ताई, धरण म्हणजे माकणीचं, निम्न तेरणा. ‘सा.’ म्हणजे सास्तूर, दुसरं काय असणार. किल्लारीचं नाव झालं म्हणून सगळे किल्लारी म्हणतात, पण सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही आमच्या बाजूची गावंही तशीच बसली. तेव्हा लोहारा तालुका नव्हता, सगळं उमरग्यातच. ‘ळी’ म्हणजे होळी असणार.

पितळवेडा: थांबा. ‘मामांकडून, मु. अमुक’ असेल तर ते गाव मामाचं. भांड्यावर देणारा स्वतःचं गाव घालतो. बाईंचं सासर वेगळं, माहेर वेगळं आणि हे आजोळ. तुम्ही होळीत जाऊन विचाराल आणि मामाच्या पोरांना आत्याच्या पोरीचा पत्ता विचारावा लागेल. तरी सोपं आहे म्हणा, लग्न मे ७५ चं आहे हे हातात आहे.

धागाकर्ती: अरे देवा! हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडच्या सगळ्या भांड्यांवरही असंच आहे की.

साशंक: एक विचारू का, राग नको. चर्चचे लोक तिकडे नुसते दगड उपसायलाच गेले होते?

धागाकर्ती: राग नाही, हा प्रश्न पप्पांना तिथंही विचारला होता. वहीतलं लिहिते. निघताना पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की पत्रकं, पुस्तकं काही घ्यायची नाहीत, विचारलं तरच नाव सांगायचं. ट्रकवर बॅनर लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी गावातल्या एकानं आडवलं, तर पप्पांच्या सोबतचा त्याला म्हणाला, आधी ही तुळई धरा, मग भांडू. संध्याकाळी तोच माणूस भाकरी घेऊन आला.
आणखी एक. पावसानं लाकडं भिजलेली, सरणाला पुरतही नव्हती. पण बरीच घरं लिंगायत होती, त्यांच्यात पुरतात. आमच्यातही पुरतात, आणि कोल्हापुरात मंडळीत कोणी गेलं की खड्डा तरुण संघाची पोरंच खणायची. त्यामुळे तिथं यांना तेच काम मिळालं. वहीत आहे: ‘बसवून पुरतात, आपल्यासारखं आडवं नाही. जंगमांना विचारून खणलं. आज ९.’ त्या पानावर तारखेशिवाय एवढंच आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल तर धाग्याच्या विषयावर येऊ या.

साशंक: मिळालं. माफ करा.

दगडमाती: मी बांधकामातला. तांब्या चेंबला पण फुटला नाही, यावर माझं उगाच दोन पैशाचं मत. त्या भागातली जुनी घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात नुसता चिखल, आणि उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून डोक्यावर वर्षानुवर्षं वाढवलेला मातीचा थर. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांत मोजत नाहीत एवढा. पण केंद्र उथळ, वेळ पहाटे चारच्या आतली आणि विसर्जनाहून आलेली माणसं गाढ झोपेत. भिंतीचा बाहेरचा थर बाहेर पडला, आतला आत, आणि माती वरून. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे. झोपडीत, पत्र्याखाली राहणारी गरीब माणसं त्यामानानं वाचली. वाडेवाले गेले.

तेरणाकाठ: खरंय. आमच्या आजोबांचा वाडा गेला, गोठ्यातला सालगडी वाचला. आजी शेवटपर्यंत छताखाली झोपली नाही.

ग्रंथपाल: शोधायच्या वाटा सुचवते. करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या दैनिकांच्या फायली असतील, ऑक्टोबर ९३ चाळा. कोल्हापुरातून गेलेल्या पथकांच्या बातम्या गावाच्या नावासकट येत असत. ‘ज्ञानोदय’ आणि ‘निरोप्या’ या ख्रिस्ती मासिकांचे त्या हिवाळ्यातले अंकही बघा, मंडळ्यांची पत्रं त्यात येतात. चर्चच्या पंचांच्या इतिवृत्तात ट्रकच्या भाड्याचा ठराव असणारच, आणि भाडं म्हटलं की कुठून कुठपर्यंत हे लिहावं लागतं.

धागाकर्ती: इतिवृत्त! आज भक्तीनंतर कपाट उघडून घेतलं. ठराव सापडला: ‘कोल्हापूर ते सास्तूर व परत, डिझेलसह.’ म्हणजे मुक्काम सास्तूर पक्का. रोज चालत जायचे ते गाव मात्र अजून नाही.
तिथंच एक घोळ झाला. ही गोष्ट ऐकून मंडळींचा उत्साह वाढलाय. सध्याच्या कमिटीला बस करून, शाल-श्रीफळ घेऊन, फोटोग्राफरसह तांब्या द्यायला जायचंय. मला नकोय ते. एक तांब्या चुकून आणला होता, तो द्यायचा आणि बत्तीस वर्षं उशीर झाला म्हणून माफी मागायची. सत्कार कसला?

तेरणाकाठ: बस अजिबात आणू नका. गावात आधीच म्हणतात, भूकंपाची माणसं बघायला येतात. सास्तूरला माझी मावशी असते, तिला फोन केला होता. मावशी म्हणते, पांढऱ्या रुमालाला निलगिरी लावून तोंडाला बांधणारी कोल्हापूरची पोरं तिला आठवतात, ती सकाळी राजेगावच्या वाटेनं जायची. जुनं गाव आता पडीकच आहे, लोक नव्या वसाहतीत. तिथल्या दोन म्हाताऱ्या बायांचं आजोळ होळीचं आहे, असं मावशीचं म्हणणं. नावं तिनं सांगितलीत, इथं लिहीत नाही. तुम्हाला निरोपात पाठवतो, तांब्याशी ताडून बघा.

धागाकर्ती: निरोप वाचला. दोघींपैकी एक नाव जुळतंय. हात थरथरतायत, नंतर लिहिते.

धागाकर्ती: मावशींशी बोलले. बाई आहेत, गुडघ्यांनी बेजार आहेत पण आहेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, मीच नको म्हटलं. मी आणि आई अशा दोघीच येतोय. एक शंका आहे. तांब्या चिंचेनं घासून आणू की आहे तसा? चेंबलेल्या जागी आत अजून माती आहे.

पितळवेडा: घासू नका. टिंबाची अक्षरं आधीच झिजलेली असतात.

तेरणाकाठ: तसाच आणा. फक्त रिकामा आणू नका, भांडं रिकामं परत देत नसतात. आणि मावशीकडे जेवूनच जायचं.

धागाकर्ती: कोल्हापूरचा गूळ घेतलाय, तांब्यात मावेल एवढा फोडून. शनिवारी पहाटे निघतोय. सोलापूरपर्यंत रस्ता माहीत आहे. पुढं नळदुर्गवरून आत वळायचं की उमरग्यापर्यंत जायचं? आईला गाडी लागते, कमी वळणांचा सांगा.