पिंपल्सच्या गाठींवर क्रायोथेरपी – सावळ्या त्वचेवर कुणी करून घेतली आहे का?

नमस्कार मंडळी,

जबड्याच्या कडेला आणि हनुवटीखाली मला गाठीवाले पिंपल्स येतात. त्यांना तोंड नसतं, आतल्या आत ठणकतात, उशीला गाल टेकला तरी कळ येते. बारीक पुरळ ॲडॅपलीन या लावायच्या औषधाने आटोक्यात आहे, त्याची तक्रार नाही. पण या गाठी बसता बसत नाहीत, आणि काही बसल्यावरही कडक होऊन तशाच राहिल्यात.

आता त्वचारोगतज्ज्ञांनी क्रायोथेरपी सुचवली आहे. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली कापसाची काडी गाठीवर काही सेकंद टेकवायची. तेवढा भाग पांढराफटक पडतो, मग पूर्ववत होतो. नंतर सूज, जळजळ, कधी पाण्याचा फोड, मग खपली. इतकं सांगून झालं तोवर बाहेर पेशंट खोळंबलेले, त्यामुळे माझे खरे प्रश्न तसेच राहिले.

काळजी डागांची आहे. द्रव नायट्रोजन म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअस, आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीने इतर पेशींच्या आधी मरतात. काळा डाग पडला तर निदान हळूहळू फिकट होतो. पांढरा पडला तर? तो कायमचा राहू शकतो, तोही ऐन चेहऱ्यावर! पिंपल परवडला म्हणायची वेळ यायची. सावळ्या रंगाच्या कुणी हे केलं असेल तर डाग किती टिकला, प्लीज सांगा. गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणं जास्त बरं का?

(घरी बर्फ चोळा असं कृपया सुचवू नका. त्याने ठणका तेवढ्यापुरता कमी होतो, ते करून झालंय.)

प्रतिसाद १
मी खांद्यावरच्या केलॉइडसाठी (वाढत जाणारा जाड व्रण) केली होती. फोड आला, खपली पडली, मध्ये फिकट ठिपका अजून आहे. खांदा झाकलेला असतो म्हणून चालून गेलं. चेहऱ्यावर मी दहादा विचार केला असता.

आधी एक विचारून घ्या, या गाठी अजून सुजलेल्या आहेत की व्रणाच्या आहेत? जाड व्रणावर क्रायो आणि ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन जोडीने देतात. ताज्या, ठणकणाऱ्या गाठीला सहसा नुसतं इंजेक्शन देतात, काही दिवसांत बसते. त्यातही डोस जास्त झाला तर खड्डा पडतो, बहुतेकदा भरून येतो. आणि यातल्या कशानेही नव्या गाठी यायच्या थांबत नाहीत. त्यासाठी पोटातून औषध लागेल. आयसोट्रेटिनॉइनबद्दल विचारा, फक्त गरोदरपणात ते अजिबात चालत नाही.

थंडीने अंगावर पित्त उठत असेल किंवा बोटं पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

धागाकर्ता
आभार! व्रणाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. कडक गाठी वेगळ्या दाखवतो आणि क्रायो करायचीच ठरली तर आधी हनुवटीखालच्या एकाच गाठीवर करून बघा म्हणतो. चेहऱ्यावर केलेल्यांचे अनुभव अजून हवेच आहेत.